एकटीने फिरायला जाताना: कुठलं मलकापूर?

(या भागाचा लेखी मसुदा. बोलताना झालेलं 'म्हणजे', 'अं' वगैरे काढून टाकलंय, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा भाग खूप जणींनी मागितला होता. "एकटीने ट्रिपला जायचंय, घरचे तयार नाहीत, सुरुवात कुठून करू?" असे मेसेज सारखे येतात. सुरुवात मी माझ्या फजितीपासून करते, कारण त्यातूनच मी सगळ्यात जास्त शिकले.

गेल्या डिसेंबरात पाच दिवस मी एकटी कोकणात होते. परतीच्या दिवशी रत्नागिरीहून कोल्हापूरच्या एसटीत बसले. आंबा घाट चढला, गाडी एका स्टँडला थांबली, बोर्ड दिसला मलकापूर. फोनची बॅटरी तीन टक्के. म्हणलं घरी एक मेसेज टाकू. लिहिलं, "मलकापूर आलं." फोन बंद पडला.

आता गंमत बघा. मी राहते कराडजवळच्या मलकापुरात, सातारा जिल्हा, हायवेला लागून. आणि गाडी उभी होती शाहूवाडी तालुक्यातल्या मलकापुरात, कोल्हापूर जिल्हा. दोन्ही एकमेकांपासून बरीच लांब. आईने मेसेज वाचला, बाबांना म्हणाली, पोरगी लवकर आली की. बाबा गाडी काढून कोल्हापूर नाक्यावर गेले साडेबाराला. मी तिथं उतरले चारला. साडेतीन तास तो माणूस रस्त्याच्या कडेला उभा, इकडे आईचे सतरा फोन, सगळे स्विच ऑफ. मला यातलं काहीच माहीत नाही, मी मस्त कोल्हापूर स्टँडला वडापाव खाल्ला. कुणाचा तरी फोन मागून घरी एक कॉल करता आला असता, पण करायची गरजच वाटली नाही. बाबा ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "चल, जेवायचं राहिलंय." त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

(बुलढाणा जिल्ह्यात तिसरं मलकापूर आहे, रेल्वे स्टेशनवालं. ऑनलाइन तिकीट काढताना ते आधी दिसतं. सांगून ठेवते.)

आम्ही सॉफ्टवेअरवाले एक शब्द वापरतो, सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. अशी एक गोष्ट, जी बंद पडली की अख्खी सिस्टिम बंद पडते. माझ्या ट्रिपमध्ये ती गोष्ट होती फोन. नकाशा फोनमध्ये, पैसे फोनमध्ये, रूमचं बुकिंग फोनमध्ये, आई फोनमध्ये. आणि घाटात रेंज नसली की फोन सारखा टॉवर शोधत राहतो, बॅटरी भराभर उतरते. पॉवर बँक होती, पण ती मी आदल्या रात्री सिरीज बघण्यात संपवली होती. त्यामुळे सुरक्षिततेसाठी कुठलं ॲप घ्यायचं या प्रश्नाआधी, फोन मेला तर काय, याचं उत्तर शोधा. एक छोटी वही. त्यात घरचे दोन नंबर, रूमचा पत्ता आणि नंबर, तिकिटाचा नंबर, हातानं लिहिलेलं. तुम्हाला आईचा नंबर पाठ आहे का? मला नव्हता, बाबांचा होता. पाचशेच्या दोन नोटा पर्समध्ये नाही, वेगळ्या ठिकाणी. जिथं रेंज नाही तिथं यूपीआय पण नाही, आणि कोकणात वळणावर वळणावर रेंज जाते. नकाशा घरच्या वायफायवर ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा.

दुसरी गोष्ट, हार्टबीट. सर्व्हरवर नजर ठेवायची असेल तर तो ठरावीक वेळानं "मी जिवंत आहे" असा छोटा संदेश पाठवतो. तो चुकला की अलार्म वाजतो. बहुतेक पोरी घरी सांगतात, "पोचले की फोन करते." हे काही ठरवणं नाही, कारण पोचणार कधी हेच नक्की नसतं. आता माझा मेसेज असा असतो: कुठे आहे, तालुक्यासकट, पुढे कुठे चाललेय, पुढचा मेसेज किती वाजता. "मलकापूर, शाहूवाडी. कोल्हापूरला चाललेय. पुढचा मेसेज दोन वाजता." आणि तो नाही आला तर घरच्यांनी काय करायचं, हेही आधीच ठरलेलं: एक तास थांबायचं, मग रूमवर फोन, मग ज्या गावात आहे तिथल्या ओळखीच्याला, आणि तरी पत्ता नाही तर ११२. हा राज्यभराचा एकच नंबर आहे, पोलीस, ॲम्ब्युलन्स, आग, सगळ्याला. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त आठ तास चालतं, त्यामुळे रात्रीच्या प्रवासात ते मध्येच संपतं. गूगल मॅप्सवरचं शेअरिंग तुम्ही बंद करेपर्यंत चालू राहतं आणि त्यात समोरच्याला तुमची बॅटरीही दिसते. आईला हे शिकवायला मला वीस मिनिटं लागली. ती वीस मिनिटं आधी दिली असती तर बाबा जेवले असते.

बाय द वे, फोनच्या सेटिंगमध्ये इमर्जन्सी एसओएस शोधा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर बटण पटापट पाच वेळा दाबलं की चालू होतं. पण तुमच्यात ते सुरू आहे का आणि कुणाला मेसेज जातो, हे आज बघा.

आता घरच्यांचं. मी परवानगी मागितली नाही, कागद दिला. कुठल्या दिवशी कुठे, कुठली गाडी, कुठे मुक्काम, सगळं एका पानावर. बाबांनी चष्मा लावून वाचला आणि त्यातली एक चूक काढली: एक गाडी रात्री साडेसातला पोचत होती. तेव्हापासून ते विरोधक राहिले नाहीत, टेस्टर झाले. आजीचं मात्र चालूच होतं, "आपल्यात बायका एकट्या जात न्हाईत." मी म्हणलं, आजी, आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीत बसून अमेरिकेला गेल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या आणि नवरा सोबत नव्हता. आजी म्हणाली, "त्येंला डागदर व्हायचं हुतं, तुला काय व्हायचंय?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

रूटचं सांगते. पहिल्या वेळेला हिमाचल, लेह नको. जिथली भाषा येते, तिथं जा. भाषा येणं हीच निम्मी सुरक्षितता आहे. कंडक्टरशी, रिक्षावाल्याशी, खानावळीतल्या काकूंशी तुम्ही मराठीत बोललात की त्यांच्या लेखी तुम्ही कुणाची तरी मुलगी होता. मी कराड ते चिपळूण एसटी घेतली, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, साधारण शंभर किलोमीटर. पुढे गुहागर. दोन रात्री तिथं. मग हेदवी, तिथून रिक्षानं तवसाळ, तवसाळ-जयगड फेरीबोट, आणि गणपतीपुळे. शेवटी रत्नागिरी. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना तिकीट अर्धं आहे, सगळ्या प्रकारच्या गाड्यांना, राज्याच्या हद्दीत. त्यामुळे पाच दिवसांचा माझा सगळा खर्च, राहणं-खाणं धरून, साडेसात हजारांच्या आत बसला. एसटीत कंडक्टरच्या आसपासची सीट धरा, शेवटची नको. आणि पावसाळ्यात हा रूट नको. घाटात दरडी येतात, समुद्र खवळलेला असतो. २०२१ च्या जुलैत चिपळूण कसं पाण्याखाली गेलं होतं ते आठवतंय ना.

रेल्वेनं जाणार असाल तर एवढंच: लांबच्या गाड्यांत स्लीपरला बायकांचा वेगळा कोटा असतो, बुकिंग करताना तो पर्याय बघा. रेल्वेची मदत १३९ वर.

गाडी कितीलाही निघो, दिवसाउजेडी पोचली पाहिजे, हा माझा एकमेव कडक नियम आहे. डिसेंबरात कोकण किनाऱ्यावर सहा-सव्वासहाला सूर्य जातो आणि लहान गावात सातला सामसूम. उजेडात पोचलात की रूम आवडली नाही तर दुसरी शोधता येते. अंधारात पोचलात की मिळेल ती रूम चांगली वाटायला लागते.

मला एका ठिकाणी (गावाचं नाव नाही सांगत) लॉजवाल्यानं तोंडावर नाही सांगितलं. "एकट्या लेडीजला देत नाही." असा काही कायदा नाही. पण साडेचार वाजले होते, बॅग पाठीवर होती, मी वाद घातला नाही. शेजारच्या गल्लीत एका घरगुती मुक्कामाला गेले, काकूंनी आधी चहा दिला आणि मग आधार मागितलं. वाद घालायला हवा होता का? अजून कधीकधी वाटतं. तेव्हापासून मी बुक करायच्या आधी फोन करते आणि पहिलंच वाक्य सांगते, "मी एकटी येणार आहे." आवाज बदलला की कळतं. रिव्ह्यू वाचताना बायकांनी लिहिलेले शोधा. सरकारी पर्याय हवा असेल तर एमटीडीसीची रिसॉर्ट गणपतीपुळ्याला आहे, इतरही ठिकाणी आहेत, आणि राज्याच्या २०२३ च्या 'आई' पर्यटन धोरणामुळे महिला दिनाच्या आठवड्यात त्यात बायकांना सवलत मिळते. आधारची प्रत द्यायची तर मास्क्ड आधार द्या, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

रूममध्ये गेल्यावर आधी आतली कडी लावून बघा, नीट बसते का. नाही बसली तर रूम बदला, लाजू नका. खिडकी, बाथरूमचं झरोकं बघा. छुपा कॅमेरा शोधणारी ॲप्स मी वापरून पाहिली, त्यांना ट्यूबलाइट पण संशयास्पद वाटते. (हसते) डोळ्यांनी बघा, नको त्या जागी घड्याळ किंवा चार्जर दिसला तर काढून ठेवा.

एक गोष्ट कुणी बोलत नाही. आपण बायका प्रवासात पाणी पीत नाही, कारण बाथरूम कुठे मिळेल माहीत नसतं. मीही चिपळूणपर्यंत दोन घोट प्यायले आणि दुसऱ्या दिवशी जळजळ सुरू झाली. ट्रिपचा एक दिवस त्यात गेला. त्यामुळे आता मी रूट आखताना पेट्रोल पंप आणि बरी हॉटेलं पण नकाशावर मार्क करते आणि पाणी पिते. पॅड दोन जास्तीचे, तारीख नसली तरी.

त्रास झाला का? झाला. बीचवर दोन मुलं माझा व्हिडिओ काढत होती. मी हळू आवाजात काही बोलले नाही, मोठ्यानं म्हणाले, "दादा, मोबाईल खाली. डिलीट करा, मला दाखवा." आजूबाजूचे चार लोक वळले, मुलांनी डिलीट केलं. आवाज चढवायची सवय आधी घरात आरशासमोर करून बघा, खरंच. कुणी सारखं मागे येत असेल तर तो पाठलाग आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. आणि तक्रार गावी परतल्यावर पण देता येते, कुठल्याही पोलीस ठाण्यात, हद्द आमची नाही असं म्हणून परत पाठवता येत नाही. याला झिरो एफआयआर म्हणतात. आणि हो, "मिस्टर मागून येतायत" हे खोटं बोलायला माझी पूर्ण परवानगी आहे. स्टोरी मात्र त्या जागेवरून निघाल्यावरच टाका.

एवढं ऐकून वाटेल, मजा कधी केली? केली की. गुहागरच्या किनाऱ्यावर सकाळी सातला मी एकटी चालले, लांबच लांब वाळू, मागे सुरूची झाडं. कुणी "चला आता" म्हणणारं नव्हतं. हेदवीला बामणघळीत भरतीचं पाणी उसळतं ते लांबूनच पाऊण तास बघितलं. मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर बघितलं, दहावीच्या पुस्तकातला माणूस एवढ्या साध्या घरातला. एकटीनं खानावळीत जेवायची मला पहिल्या दिवशी लाज वाटली, फोनमध्ये डोकं घालून बसले. तिसऱ्या दिवशी मालकीणबाईंना सोलकढीत काय काय घालता ते विचारत होते. गणपतीपुळ्याला पाण्यात मात्र गुडघ्याच्या पुढं गेले नाही. तिथं माणसं बुडतात, आणि एकटं असताना बॅग कोण सांभाळणार हाही प्रश्न आहेच.

थेट पाच दिवस नको वाटत असतील तर एक दिवस करून बघा. आमच्याकडच्यांना कोयनानगर सोपं आहे, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. आगाशिवची लेणी घराच्या मागेच आहेत, पण डोंगरावर माणूस नसतो, तिथं मी आजही मैत्रिणीला घेऊनच जाते.

परवा आई म्हणाली, पुढच्या महिन्यात नरसोबाच्या वाडीला जाऊन येते, एसटीनं, एकटीच, अर्ध्या तिकिटात. बाबांनी विचारलं, जेवणाचं काय? तिनं त्यांच्या हातात एक कागद दिला. आणि माझी पॉवर बँक घेऊन ठेवलीय, परत मागायची नाही म्हणे.