सर्पदंश : दंश ते दवाखाना यांमधील काळ

भारतात सर्पदंशाने दरवर्षी किती माणसे मृत्युमुखी पडतात, या साध्या प्रश्नाला दीर्घकाळ खात्रीलायक उत्तर नव्हते. रुग्णालयांच्या नोंदींवरून ही संख्या फारच अल्प भासत असे. २००१ ते २००३ या काळातील मृत्यूंचा घरोघरी जाऊन मागोवा घेणाऱ्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले आणि वर्षाला सुमारे ४६ हजार मृत्यू होत असल्याचे दिसून आले. त्यांपैकी ९७ टक्के मृत्यू ग्रामीण भागातील होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार व्यक्ती सर्पदंशाने दगावल्या. यांतील निम्म्याच्या आसपास मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतील आहेत. पेरणी, लावणी व निंदणीचा हाच काळ असतो.

२०११ च्या निष्कर्षांतील आणखी एक आकडा विशेष विचार करण्याजोगा आहे. सुमारे ७७ टक्के मृत्यू रुग्णालयाबाहेर झाले होते. सर्पविषावर प्रभावी औषध शंभराहून अधिक वर्षांपासून ज्ञात आहे आणि ते भारतात तयारही होते. तरीही बहुसंख्य रुग्ण ते मिळण्यापूर्वीच दगावतात. म्हणून सर्पदंशाचा प्रश्न हा विषाइतकाच वाया गेलेल्या वेळेचाही आहे.

विषाचे कार्य

भारतात सापांच्या तीनशेच्या आसपास जाती आढळतात. त्यांतील बहुतेक बिनविषारी आहेत. मृत्यूंना प्रामुख्याने चार साप कारणीभूत ठरतात : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नाग व मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर आघात करते. प्रथम पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे व गिळणे अवघड होते आणि अखेरीस श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. घोणस व फुरसे यांच्या विषामुळे रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त जाऊ लागते. घोणशीच्या दंशात मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

यांत मण्यार सर्वांत फसवी होय. ती रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश बहुधा वेदनारहित असतो, सूज नसते, दातांच्या खुणाही क्वचितच दिसतात. पहाटे पोटात कळा येऊ लागल्या की घरची मंडळी अपचन समजून ओवा किंवा सोडा देतात आणि मोलाचे तास निघून जातात. पावसाळ्यात जमिनीवर झोपून उठलेल्या व्यक्तीच्या पोटात दुखत असेल व पापण्या मिटत असतील, तर सर्पदंशाची शक्यता गृहीत धरणेच शहाणपणाचे ठरते.

प्रथमोपचार

दंशानंतरचे रूढ उपचार बहुतांशी घातक आहेत. जखम कापल्याने, विशेषतः घोणशीच्या दंशात, रक्तस्राव थांबत नाही. तोंडाने ओढून विष बाहेर येत नाही. दोरीने अवयव घट्ट आवळल्यास रक्तपुरवठा खंडित होऊन तो कायमचा गमवावा लागू शकतो. शिवाय ती गाठ एकदम सोडल्यास साठलेले विष वेगाने शरीरात पसरते. म्हणून आधीच आवळपट्टी बांधलेली असल्यास ती दवाखान्यात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. मांत्रिकाकडे नेलेले अनेक रुग्ण बरे होतात हे खरे. परंतु बहुतेक दंश बिनविषारी सापांचे असतात आणि विषारी साप चावला तरी दर वेळी पुरेसे विष टोचले जातेच असे नाही. मंत्राच्या यशाचे इंगित एवढेच आहे.

करावयाच्या गोष्टी मोजक्या आहेत. रुग्णाला धीर द्यावा व चालू देऊ नये. अंगठी, कडे, जोडवी काढून घ्यावीत, कारण सूज आल्यावर ती रुततात. मोडलेल्या हाडाला बांधतात तशी लाकडी पट्टी लावून दंश झालेला अवयव स्थिर ठेवावा आणि जवळच्या प्रतिविष उपलब्ध असणाऱ्या रुग्णालयात तातडीने न्यावे. रुग्णवाहिका मिळण्याजोगी नसल्यास मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेणेही वाट पाहण्यापेक्षा श्रेयस्कर असते. नेपाळच्या तराई भागातील काही गावांत स्वयंसेवकांच्या मोटारसायकलींवरून रुग्ण नेण्याची व्यवस्था आणि लोकशिक्षण यांची जोड दिल्यावर सर्पदंशाच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आले, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. औषध तेच होते, पोहोचण्याचा वेळ तेवढा बदलला होता. साप मारून सोबत नेण्यात मात्र वेळ जातो व दुसऱ्या दंशाचा धोका वाढतो. भारतात दिले जाणारे प्रतिविष चारही सापांवर चालत असल्याने उपचारासाठी साप पाहण्याची आवश्यकता नसते. रक्त गोठते की नाही हे स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन ते २० मिनिटे न हलवता ठेवल्यास समजते. ही चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही करता येते.

प्रतिविषाची मर्यादा

सापाचे विष अल्प मात्रेत घोड्यांना टोचतात आणि त्यांच्या रक्तात तयार होणारी प्रतिद्रव्ये वेगळी करून प्रतिविष बनवितात. त्यासाठी लागणारे बहुतांश विष तामिळनाडूतील इरुला जमातीची १९७८ मध्ये स्थापन झालेली सहकारी संस्था पुरवीत आली आहे. या जमातीचे वडिवेल गोपाल व मासी सदैयान यांना २०२३ मध्ये पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. तथापि एका प्रदेशातील सापांच्या विषावर आधारित औषध सर्वत्र सारखे प्रभावी ठरत नाही. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार भिन्न असते. शिवाय पश्चिम घाटातील चापड्यासारख्या सापांवर चार विषांपासून बनविलेले हे प्रतिविष उपयोगी पडत नाही. प्रादेशिक प्रतिविषाची मागणी यातूनच पुढे आली आहे.

दुसरी अडचण मनुष्यबळाची आहे. प्रतिविषामुळे काही रुग्णांना तीव्र प्रतिक्रिया येते. या भीतीपोटी केंद्रात कुप्या असूनही रुग्णाला थेट जिल्हा रुग्णालयाकडे धाडले जाते. अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन हाताशी असल्यास ही प्रतिक्रिया आटोक्यात आणता येते. म्हणूनच औषधपुरवठ्याइतकेच वैद्यकीय अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण महत्त्वाचे आहे. मुलांना औषध कमी द्यावे, ही समजूतही चुकीची आहे. साप लहानमोठ्यांना सारखेच विष टोचतो, त्यामुळे मात्राही सारखीच लागते.

धोरणात्मक पावले

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत केला आणि २०१९ मध्ये त्यामुळे होणारे मृत्यू व अपंगत्व २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठरविले. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये याच उद्दिष्टाची राष्ट्रीय कृती योजना जाहीर केली. मानव, प्राणी व पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्रित विचार हा तिचा पाया आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना सर्पदंश हा अधिसूचित आजार म्हणून घोषित करण्यास सांगितले. अशी घोषणा झालेल्या राज्यात शासकीय तसेच खाजगी रुग्णालयांनाही प्रत्येक रुग्णाची नोंद कळवावी लागते. कोणत्या तालुक्यात किती कुप्या हव्यात, हे त्या नोंदींवरून ठरविता येईल.

गावपातळीवरील प्रतिबंध मात्र कुठल्याही अधिसूचनेची वाट पाहत नाही. धान्यामागे उंदीर येतो आणि उंदरामागे साप. म्हणून कणगी बंदिस्त असावी, सरपणाचा ढीग भिंतीपासून दूर रचावा. रात्री बाहेर पडताना हाती बॅटरी व पायात बूट असावेत, खाट वापरावी, आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचाव्यात. हिवतापापासून वाचविणारी ही मच्छरदाणी मण्यारीलाही बाहेर ठेवते.