साक्यावरची वाइन : मस्कादे

द्रवाला ‘कोरडा’ म्हणणे मराठी कानाला विचित्र वाटते. वाइनच्या बाबतीत त्याचा अर्थ साधा आहे : द्राक्षातली जवळजवळ सगळी साखर यीस्टने खाऊन संपवली आहे, गोडवा उरलेला नाही. फ्रान्सच्या पश्चिमेला, ल्वार नदी अटलांटिकला मिळते त्या नाँत शहराच्या परिसरातली ‘मस्कादे’ ही अशीच कोरडी पांढरी वाइन. नावावरून ती सुगंधी मस्कत द्राक्षाची असावी असे वाटते. पण मस्कतशी तिचा संबंध नाही. उलट, ‘हिला स्वतःची चवच नाही’ हा आरोप तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे.

ही वाइन ज्या द्राक्षापासून होते त्याचे नाव ‘मेलाँ द बुर्गोन्य’, म्हणजे बर्गंडीचे मेलाँ. आपल्याकडे आडनावात गाव राहते, तसे या नावात मूळ मुलूख राहिला आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए संशोधनातून या घराण्याची वंशावळ उलगडली. मेलाँ आणि जगप्रसिद्ध शार्दोने ही सख्खी भावंडे निघाली. एक पालक खानदानी पिनो. दुसरा ग्वे ब्लाँ, म्हणजे शेतकऱ्यांच्या वाट्याचे, प्रतिष्ठितांनी हिणवलेले द्राक्ष. एकाच घरातल्या या दोघांपैकी शार्दोनेला बर्गंडीत मानाचे पान मिळाले. मेलाँ हलके ठरले आणि ते उपटून टाकण्याचे हुकूम निघाले.

त्याला थारा मिळाला तो समुद्राकाठी. सतराव्या शतकात नाँतच्या बंदरात डच व्यापाऱ्यांची वर्दळ होती. ऊर्ध्वपातन करून ब्रँडी काढण्यासाठी त्यांना साधी पांढरी वाइन हवी असे, आणि त्यांच्या मागणीमुळे पांढऱ्या द्राक्षांची लागवड वाढली. पुढे १७०९ च्या भीषण हिवाळ्यात या भागातले द्राक्षमळे मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले. नवी लागवड करताना थंडी सोसणारा वाण शोधला गेला आणि मेलाँची निवड झाली. कुळाने नाकारलेले हे द्राक्ष काटकपणाच्या बळावर परमुलखात रुजले.

मेलाँचा रस मुळात सौम्य. त्याला भरीवपणा येतो तो एका जुन्या रीतीमुळे. किण्वन संपले की मृत यीस्ट पिंपाच्या तळाशी बसते. ताकाच्या किंवा रसाच्या भांड्यात बसतो तसाच हा साका. एरवी वाइन त्यावरून लवकर काढून घेतात. इथे ती हिवाळाभर त्याच साक्यावर ठेवून थेट बाटलीत भरतात. साका वाइनला हवेपासून जपतो, हळूहळू विरघळून तिला किंचित स्निग्धपणा देतो, आणि थोडा कर्बवायू आत राहिल्याने जिभेला बारीकशी चुणचुण जाणवते. लेबलावर ‘सूर ली’, म्हणजे ‘साक्यावर’, असे लिहिलेले असते. गाळ म्हणून जो फेकायचा, त्याचेच नाव ही वाइन बिरुदासारखे मिरवते.

आता तिची जेवणातली जागा. ब्रिटनी आणि वांदेच्या किनाऱ्यावरची कच्ची कालवे आणि गार मस्कादे ही जोडी प्रसिद्ध आहे. लिंबाची फोड जे काम करते तेच वाइनचा आंबटपणा करतो. समुद्राचा खारटपणा उजळतो आणि स्वतः मागे राहतो. वाफवलेल्या शिंपल्यांबरोबरही ती तशीच जमते. ल्वारकाठचे खास पक्वान्न म्हणजे पाइक किंवा हिलशाच्या जातकुळीतला शॅड हा मासा, आणि त्यावर ‘बर ब्लाँ’ : बारीक कांदा वाइन-व्हिनेगरमध्ये आटवून, लोणी घोटून केलेली सॉस. तिथे लोण्याचा जडपणा कापण्याचे काम मस्कादे करते. कोकणातल्या वाचकाने या तर्काने पाहिले, तर तिरफळ घातलेल्या झणझणीत कालवणापुढे ती बिचारी हरवेल. पण नुसत्या मीठ-हळदीवर परतलेल्या तिसऱ्यांबरोबर तिची गट्टी जमावी.

मात्र मागे राहणाऱ्याला जग स्वस्त समजते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मस्कादेला मागणी वाढली, तसे भरमसाट उत्पन्न काढून पाणचट वाइन विकली गेली. नाव उतरले, भाव पडले. त्यात १९९१ च्या एप्रिलमधल्या गोठवणाऱ्या थंडीने कोवळे कोंब जाळले. अनेक मळे पुढे मोडले गेले.

जे टिकले त्यांनी उत्पन्न कमी केले आणि मातीकडे पाहिले. क्लिसाँचा ग्रॅनाइट, गोर्जचा काळसर गॅब्रो. प्रत्येक गावचा खडक वेगळा. २०११ मध्ये या दोन गावांना आणि ल पाले या गावाला स्वतंत्र दर्जा मिळाला. मध्ययुगीन तत्त्वज्ञ आबेलार १०७९ मध्ये जन्मला तो याच ल पालेत. या वाइन एका हिवाळ्याऐवजी दीड-दोन वर्षे साक्यावर राहतात, आणि बाटलीत वर्षानुवर्षे मुरतात. ज्या द्राक्षाला चव नाही म्हणून हाकलले, त्याच्याच वाइनमध्ये आता शेजारशेजारच्या दोन गावांच्या दगडांमधला फरक जाणकार ओळखतात. त्यासाठी नवा वाण आणावा लागला नाही. आहे त्यालाच साक्यावर थोडे अधिक थांबू द्यावे लागले.