चौकट : कोतवालाची चढण आणि उतरण

नाटक : ‘घाशीराम कोतवाल’, लेखक विजय तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर.

पहिला प्रयोग : १६ डिसेंबर १९७२, पुणे. सादरकर्ते : प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, अर्थात ‘पीडीए’. ही हौशी मंडळींची संस्था.

गोष्ट : कनोजहून आलेला फाटका ब्राह्मण पुण्यात अपमान गिळतो, पोटची पोर नाना फडणवीसांच्या हवाली करतो आणि त्या मोबदल्यात कोतवाली मिळवतो. मग शहराला धाकात ठेवतो. पण पोरही जाते आणि अधिकारही. नानांना त्याची गरज उरली नाही, की त्यांच्याच सहीने तो जमावाच्या हाती पडतो. खुर्ची देणारा मात्र सहीसलामत.

इतिहासात : घाशीराम सावळदास खराच पुण्याचा कोतवाल होता. त्याच्या कोठडीत ब्राह्मण गुदमरून मेल्यावर १७९१ मध्ये संतप्त लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले.

पडदा माणसांचा : धोतर-शेंडीतले ब्राह्मण रांगेत डोलत उभे राहतात, तोच पडदा. त्यांनी पाठ फिरवली की झाली भिंत. तिच्याआड काय चाललंय ते साऱ्यांना ठाऊक, पण बघायला कुणी वळत नाही. नाटकाचा खरा चिमटा इथेच आहे.

पुढे काय : नाना आणि ब्राह्मणांच्या या चित्रणावरून वाद पेटला आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेनेच नाटक थांबवले. कलावंत बाहेर पडले, १९७३ मध्ये ‘थिएटर अकॅडमी’ उभी राहिली आणि हेच नाटक १९८० मध्ये युरोप फिरून आले.