रफार जागेवर येतो

राजापुरात पाऊस धरून बसलाय. बाजारातल्या एका छापखान्याच्या माळ्यावर लिनक्स नि लिब्रेऑफिस वापरणारी मंडळी जमली आहेत: शिक्षक, सेवा केंद्र चालवणारी ताई, कॉलेजची मुलं आणि छापखान्याचे काका. अर्जुना-कोदवली नद्यांचं पाणी जवाहर चौकात शिरलं की संगणक उचलायची इथे सवयच आहे. म्हणून काकांच्या जुन्या फायलींचा डबाही माळ्यावरच असतो.

पडद्यावर त्यातलीच एक फाइल, गावच्या उत्सवाची स्मरणिका. जुन्या फाँटात मराठी अक्षर म्हणजे रोमी अक्षराच्या जागी बसवलेला नुसता आकार. फाँट नसला की पानभर अगम्य चिन्हं. युनिकोडने देवनागरीला १९९१ मध्येच स्वतःचे क्रमांक दिले, पण छापखान्यांतलं काम पुढेही वर्षानुवर्षं जुन्याच फाँटांत होत राहिलं. गावोगावचा केवढा मजकूर असा अडकून पडलाय!

एक मुलगी पायथनमधली आज्ञावली चालवते. मजकूर देवनागरीत उमटतो, पण नदीचं नाव येतं ‘अजुर्ना’.

“बाय, रफार ‘जु’च्या डोक्यावर हवा,” काका म्हणतात.

“हो काका. जुन्या फायलीत आधी अक्षर, मग रफार. युनिकोडात र् आधी लागतो.”

ऱ्हस्व वेलांटीचं नेमकं उलट. ती जुन्यात आधी, नव्यात व्यंजनानंतर. ‘स्थिती’सारख्या जोडाक्षरात तर आख्खं ‘स्थ’ ओलांडून जायला हवी. मुलगी नियमात उकार धरते, पुन्हा चालवते. अर्जुना! काका चष्मा पुसून पानभर ओळ न् ओळ वाचतात, आणि सगळे त्यांच्यासाठी थांबतात. थांबायलाच हवं, शुद्ध-अशुद्ध आज्ञावलीला कळत नाही, त्यांना कळतं.

मग डबे उघडतात. तांदळाच्या भाकऱ्या, फणसाच्या आठळ्या घातलेली टाकळ्याची भाजी, काळ्या वाटाण्याची उसळ. भाकरी मोडता मोडताच पुढचं ठरतं. आज्ञावली सर्वांसाठी खुली ठेवायची, कुणीही वापरावी, सुधारावी. ओपनस्ट्रीटमॅपवर तालुक्यातल्या वाड्या, पाणंदी, विहिरी भरायच्या. बारसू नि देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं नकाशावर नीट आहेत का, ते सड्यावर जाऊन पडताळायचं. पावसात नको, दिवाळीनंतर.

“आणि पुढची बैठक? चाकरमानी गणपतीला येतील तेव्हा?” ताई विचारते.

तेव्हाच ठरते. लॅपटॉप घेऊनच या, असा निरोप मुंबईला आजच जातोय. आणि ज्याच्या घरी जुन्या फाँटातलं काही असेल, त्याने ते पेनड्राइव्हवर आणायचं.