शंभर घोड्यांची पिकअप आणि राजूर घाटाचा चढ

चिखली - सोयाबीनचा हंगाम तोंडावर आला की चिखलीतील वाहन बाजारात एका चर्चेला हमखास ऊत येतो. अमुक कंपनीची पिकअप आता जादा ताकदीच्या इंजिनासह येणार, तमुक कंपनी तिला उत्तर म्हणून वीस घोडे वाढवणार, तेव्हा घाई करू नका, दोन महिने थांबा, असा सल्ला चहाच्या टपरीपासून बाजार समितीच्या आवारापर्यंत दिला जातो. कर्जाचा अर्ज तयार ठेवून बसलेला तरुण या चर्चेने द्विधा मनःस्थितीत सापडतो. जुनी गाडी दुरुस्तीला पैसे खात असते, हंगामातील भाडे हातचे जात असते आणि नवी गाडी घ्यावी तर ती चार महिन्यांत 'जुनी' ठरेल, ही धास्ती असते. त्यामुळे या घोड्यांचा हिशेब एकदा नीट मांडून पाहणे आवश्यक ठरते.

पिकअपचे महत्त्व चिखलीला समजावून सांगण्याची गरज नाही. खामगाव-जालना मार्गावरील या गावाला रेल्वे नाही. खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी कित्येक दशकांची आहे, परंतु शेतातील सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचे कट्टे आजही रस्त्यानेच बाजारात येतात. मोठा ट्रक गावखेड्याच्या अरुंद रस्त्यावर परवडत नाही, तीनचाकीत माल मावत नाही. ही मधली जागा पिकअपने भरून काढली. एम. एच. २८ क्रमांकाच्या पाट्या मिरवणाऱ्या या गाड्या पहाटे भाजीपाला, दुपारी खताच्या गोण्या आणि सायंकाळी लग्नाचे सामान वाहताना दिसतात.

या क्षेत्रात खरी चुरस आहे ती दोन महाराष्ट्रीय उद्योगसमूहांत. टाटांनी १९८६ मध्ये ४०७ हा हलका ट्रक आणला आणि त्यानंतर २०७ ही पिकअप. महिंद्राने जीपच्या सांगाड्यावर मालवाहू गाड्या बांधण्याची आपली परंपरा बोलेरो पिकअपपर्यंत आणली आणि दोन ते साडेतीन टन एकूण वजनाच्या गटात निर्विवाद आघाडी मिळवली. २०११ मध्ये अशोक लेलँडने निसानच्या सहकार्याने 'दोस्त' उतरवली. टाटांनी जानेवारी २०१७ मध्ये 'योद्धा' आणून महिंद्राला थेट आव्हान दिले. त्या गाडीच्या इंजिनाची ताकद ८५ अश्वशक्ती होती, तर महिंद्राच्या अडीच लिटर इंजिनाची सुमारे ७५. दहा घोड्यांचा हा फरक त्या वेळी जाहिरातींत ठळकपणे मिरवला गेला.

सप्टेंबर २०२२ मध्ये टाटांनी 'योद्धा २.०' सादर केली. ताकद १०० अश्वशक्ती, टॉर्क २५० न्यूटन मीटर आणि भारक्षमता दोन टन. एप्रिल २०२३ मध्ये महिंद्राने बोलेरो मॅक्स पिकअपची नवी मालिका आणली. तिच्यातील वरच्या गाडीची भारक्षमताही दोन टनच ठेवण्यात आली. मात्र ताकद ८० अश्वशक्तीच्या आसपास आणि टॉर्क २२० न्यूटन मीटर एवढाच राहिला. म्हणजे ताकदीच्या शर्यतीत महिंद्रा मागे, विक्रीत मात्र पुढे. हा विरोधाभास नीट पाहिला तर घोड्यांच्या चर्चेतील हवा बरीच निघून जाते.

अमेरिकेतील घोडदौड

ताकदीच्या अफवांचा आणि कुरघोडीचा हा खेळ ज्या देशात अगदी टोकाला गेला, तो देश अमेरिका. तेथील 'हेवी ड्यूटी' डिझेल पिकअप आपल्या पिकअपच्या कितीतरी पट दांडग्या असतात. घोड्यांचे ट्रेलर, बोटी, बांधकामाची यंत्रे ओढणे हे त्यांचे काम. फोर्ड, जनरल मोटर्स आणि रॅम या तीन नाममुद्रांत तेथे वर्षानुवर्षे चुरस आहे.

२०१० चे उदाहरण पाहण्याजोगे आहे. फोर्डने ६.७ लिटरचे नवे डिझेल इंजिन आणले. ताकद ३९० अश्वशक्ती, टॉर्क सुमारे १००० न्यूटन मीटर. लगोलग जनरल मोटर्सने ३९७ अश्वशक्ती आणि सुमारे १०३७ न्यूटन मीटरचे इंजिन जाहीर केले. फरक अवघा सात घोड्यांचा; पण फोर्डला तो सहन झाला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने तेच इंजिन ४०० अश्वशक्ती आणि सुमारे १०८५ न्यूटन मीटरचे असल्याचे जाहीर केले. यासाठी इंजिनाचा एकही मोठा भाग बदलण्यात आला नाही. बदलली ती इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाची आज्ञावली. ज्यांनी आधीच गाड्या घेतल्या होत्या, त्यांनाही ती विनामूल्य भरून देण्यात आली. गाडी तीच, आदल्या दिवशी ३९० घोड्यांची होती, दुसऱ्या दिवशी ४०० घोड्यांची झाली.

त्यानंतर ही स्पर्धा थांबलेली नाही. १९८९ च्या मॉडेलमध्ये डॉज पिकअपला जे कमिन्स इंजिन प्रथम बसवण्यात आले, त्याची ताकद १६० अश्वशक्ती होती. २०१९ मध्ये त्याच घराण्यातील रॅमने १३५६ न्यूटन मीटरचा टप्पा गाठला आणि २०२३ च्या मॉडेलमध्ये फोर्डने ५०० अश्वशक्ती व सुमारे १६२७ न्यूटन मीटरपर्यंत मजल मारली. एवढ्या ताकदीत आपल्याकडील पाच-सहा पिकअप चालतील.

या दौडीची दुसरी बाजूही आहे. रॅम गाड्यांतील इंजिने प्रदूषण चाचणीत एक आणि रस्त्यावर दुसरेच वागतात, अशा आरोपावरून कमिन्सने डिसेंबर २०२३ मध्ये १६७ कोटी ५० लाख डॉलर दंड भरण्यास संमती दिली. कंपनीने चूक मान्य केली नाही, पण रक्कम मान्य केली. गाडीमालकही मागे नव्हते. एका दशकात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमधील प्रदूषणरोधक यंत्रणा काढून टाकण्यात आल्या, असा अंदाज तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये मांडला होता.

महिंद्रानेही या बाजारात शिरण्याचा प्रयत्न केला होता. टीआर-२० आणि टीआर-४० या नावाने डिझेल पिकअप अमेरिकेत नेण्याचे ठरले, विक्रेते नेमले गेले, तारखा पुढे सरकत राहिल्या. अखेर वितरकाशी वाद होऊन प्रकरण लवादाकडे गेले. २०१२ मध्ये निकाल महिंद्राच्या बाजूने लागला. गाड्या मात्र तेथे कधीच पोचल्या नाहीत.

टॉर्क म्हणजे काय?

आता मूळ हिशेबाकडे. बैलजोडी जू खेचताना जो जोर लावते, त्याच्याशी टॉर्कची तुलना करता येईल. तो जोर लावत ती किती वेगाने चालते, हे जमेस धरले की अश्वशक्ती निघते. इंजिनाच्या भाषेत टॉर्क आणि फेऱ्यांचा वेग यांचा गुणाकार म्हणजे ताकद. चालक ज्याला गाडीची 'ओढ' म्हणतात, ती प्रामुख्याने कमी फेऱ्यांवर मिळणाऱ्या टॉर्कमुळे जाणवते. (आपल्याकडे गाडीच्या चपळाईलाच 'पिकअप' म्हणतात, त्यामुळे 'पिकअपला पिकअप नाही' अशी तक्रार गॅरेजमध्ये ऐकू येते.)

चिखलीच्या चालकाला घाट ठाऊक असतात. मलकापूर रेल्वे स्थानकाकडून बुलडाण्याकडे येताना राजूर घाट चढावा लागतो; खामगावहून बुलडाण्याला येताना बोथा घाट. पूर्णेच्या खोऱ्यातून अजिंठ्याच्या डोंगररांगेवर चढण्याची ही वाट आहे आणि भरलेल्या गाडीची परीक्षा तेथेच होते.

समजा, गाडी आणि माल मिळून वजन साडेतीन टन आहे आणि वीस मीटर पुढे गेल्यावर रस्ता एक मीटर वर चढतो. अशा चढावर ताशी ४० किलोमीटर वेग राखण्यासाठी चाकांपाशी किती ताकद लागेल? चढाचा आणि टायरच्या घर्षणाचा विरोध मिळून हिशेब केला, तर उत्तर ३४ अश्वशक्तीच्या आसपास येते. प्रति मिनिट दीड हजार फेऱ्यांवर २०० न्यूटन मीटर टॉर्क देणारे इंजिन त्या वेळी सुमारे ४३ अश्वशक्ती देत असते. म्हणजे वाटेतील गळती धरूनही काम भागते. इंजिनाला ओरडावे लागत नाही.

आता त्याच गाडीत पंधरा क्विंटल माल जादा भरा. एकूण वजन पाच टन झाले. त्याच चढावर, त्याच वेगासाठी आता ४८ अश्वशक्ती लागते. २०० न्यूटन मीटरचे इंजिन दीड हजार फेऱ्यांवर कमी पडते. चालकाला गिअर उतरवावा लागतो, इंजिन तापते, डिझेल जळते. २५० न्यूटन मीटरचे इंजिन मात्र त्याच फेऱ्यांवर सुमारे ५३ अश्वशक्ती देते आणि गळती सोसूनही चढाला जवळजवळ पुरते.

खरे दुखणे येथे आहे. नियमात बसणारा माल वाहण्यासाठी ७५ ते ८० घोडे पुरेसे आहेत. वरचे वीस घोडे चालकाचा त्रास कमी करतात, गिअरची उठाठेव आणि क्लचची झीज वाचवतात, हे मान्यच. परंतु बाजारात त्यांची किंमत जादा माल भरण्याची मुभा म्हणून केली जाते. खेपेमागे पंधरा क्विंटल अधिक नेले तर हप्ता लवकर फिटेल, हा साधा हिशेब असतो. त्यासाठी पाटे वाढवले जातात, हौद्याला जाळ्या लावून उंची वाढवली जाते. कंपनी ताकद वाढवते तेव्हा ब्रेक, सांगाडा, मागचा आस यांचाही विचार करते. पाटे वाढवणारा कारागीर ब्रेक वाढवून देत नाही.

वेगासाठी ताकद हवी, हा युक्तिवादही फारसा टिकत नाही. मालवाहू वाहनांना ताशी ८० किलोमीटरचे वेगनियंत्रक बंधनकारक करणारी अधिसूचना २०१५ मध्ये निघाली. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून मेहकर, सिंदखेडराजामार्गे जातो आणि ५ जून २०२५ पासून तो मुंबईच्या दारापर्यंत खुला झाला आहे. पण त्या गुळगुळीत रस्त्यावरही नियमानुसार पिकअप ८० च्या पुढे धावू शकत नाही. दोनशेहून अधिक अश्वशक्तीची टोयोटा हायलक्स २०२२ पासून भारतात मिळते, तिचा टॉर्क ५०० न्यूटन मीटरपर्यंत जातो. परंतु निम्म्याहून कमी ताकदीच्या बोलेरो पिकअपपेक्षा ती कितीतरी कमी भार वाहते. ती हौसेची आणि मुलखावेगळ्या वाटांची गाडी आहे, कट्ट्यांची नव्हे.

चिपचा मोह

नवी गाडी येईपर्यंत थांबायचे नसेल, तर जुनीच 'वाढवून' घेण्याचा मार्ग सांगणारेही असतात. २०१० मध्ये फोर्डने जे केले, तेच गल्लीतील संगणकावर करून देण्याचा हा व्यवहार. त्यात डिझेलची फवारणी आणि टर्बोचा दाब वाढवला जातो. गाडी पहिल्या दिवशी खरोखरच जोरात पळते. मात्र फोर्डने ती दहा घोड्यांची वाढ आपल्याच इंजिनाच्या चाचण्यांच्या आधारे दिली होती आणि हमीही कायम ठेवली होती. येथे हमी पहिल्याच दिवशी संकटात येते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मनाई करते आणि अपघात झाल्यास विमा कंपनीला दावा नाकारण्यासाठी आयते कारण मिळते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यावर डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी पकडणारे गाळणे आले. जादा डिझेल जाळणारे इंजिन ते लवकर तुंबवते. ते बदलण्याचा खर्च हंगामभराची जादा कमाई गिळू शकतो.

नवी मालवाहू गाडी बाजारात येण्यापूर्वी तिला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून मान्यता घ्यावी लागते. तोवर ऐकू येणारे आकडे हे आकडेच असतात. महिंद्राने १५ ऑगस्ट २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे 'ग्लोबल पिकअप' ही संकल्पना दाखवली, तेव्हा ती येत्या दिवाळीत दारात उभी राहील, अशा थाटात चर्चा झाली होती. ती दिवाळी कधीच सरली.

थांबलेल्यांचा फायदा एकदा झाला, हे नमूद करावे लागेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. गाडीच्या किमतीतील ही घट कोणत्याही जादा घोड्यांपेक्षा खरेदीदाराच्या खिशाला अधिक जाणवणारी होती. परवान्याचा घोरही मिटला आहे. साडेसात टनांपर्यंतचे मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या साध्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले.

त्यामुळे गाडी निवडताना माहितीपत्रकातील पहिल्या ओळीपेक्षा नोंदणीपत्रातील एकूण वजनाचा रकाना अधिक बारकाईने पाहिलेला बरा. केंद्रीय कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी २० हजार रुपये आणि प्रत्येक वाढीव टनामागे आणखी दोन हजार रुपये दंडाची तरतूद आहे. शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा खर्च वेगळा. पंधरा क्विंटलच्या जादा भाड्यातून एवढी रक्कम किती खेपांत निघेल, हे ज्याचे त्याने आपल्या मार्गानुसार मोजावे. आणि राजूर घाट चढता येतो तसा तो उतरावाही लागतो. पाच टनांची गाडी वळणावर आवरताना बॉनेटखाली ८० घोडे आहेत की १००, याने फारसा फरक पडत नाही. तेथे ब्रेकचे लायनर, टायरची नक्षी आणि खालचा गिअर एवढेच कामाला येते.