मानलेला नातू

परवा सुट्टीत घरच्या मंडळींबरोबर एक इंग्रजी चित्रपट पाहिला. ‘मिसेस पाल्फ्री ॲट द क्लेअरमॉन्ट’ हे त्याचे नाव. डॅन आयर्लंड यांनी तो २००५ साली दिग्दर्शित केला. मूळ कादंबरी १९७१ ची, लेखिका एलिझाबेथ टेलर. त्याच नावाच्या प्रसिद्ध नटीशी या बाईंचा काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर आमच्या घरी झाला तसा वाचकांचाही घोटाळा व्हायचा.

गोष्ट साधी आहे. एक विधवा वृद्धा लंडनमधल्या एका हॉटेलात कायमची राहायला येते. तिथे तिच्यासारखीच आणखी काही म्हातारी माणसे दिवस मोजीत बसलेली. कुणाकडे कोण भेटायला आले, यावर सगळ्यांची नजर. या बाईचा नातू लंडनातच असतो, पण फिरकत नाही. एके दिवशी ती रस्त्यात पडते आणि एक धडपड्या तरुण लेखक तिला उठवून घरात नेतो, जखम धुतो, चहा पाजतो. ती त्याला जेवायला बोलावते. हॉटेलातली मंडळी समजतात, हाच तो नातू! बाई त्यांना खरे सांगत नाही आणि तो मुलगाही हसत हसत नातवाची भूमिका वठवतो. जोन प्लाउराइट या थोर अभिनेत्रीने ती वृद्धा अशी रंगवली आहे की, तिच्या लबाडीचीही आपल्याला माया वाटते.

पुढे खरा नातू हॉटेलात येऊन उभा राहतो. त्या प्रसंगाला मी पाणी पिण्याच्या निमित्ताने उठलो. सौभाग्यवतींच्या ते लक्षात आले असावे. त्या काही बोलल्या नाहीत.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. आम्ही अलिबागला, आई श्रीवर्धनला एकटी. वीज गेली, फोन बंद, रस्त्यांवर झाडे आडवी. मी पोचलो तो चौथ्या दिवशी. वाडीतल्या पोफळी काड्या मोडाव्यात तशा मोडून पडल्या होत्या. आणि घराच्या छपरावर सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा बसला होता. आई खालून त्याला सूचना देत होती. मला पाहून म्हणाली, “आलास? बरं झालं. त्याला खालून कौलं दे.”

मी कौले दिली. चार रात्री तो आईच्या सोबतीला ओटीवर झोपत होता, हे मला शेजाऱ्यांकडून कळले. आभार मानायचे सोडून माझ्या मनात आले, याला हवे तरी काय? दोन दिवसांनी बाजारात आईने एका ओळखीच्या बाईंना सांगितले, “हा माझा नातू.” मी शेजारीच उभा होतो. माझी ओळख करून द्यायची राहूनच गेली.

वर्गात शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ शिकवताना एका विद्यार्थिनीने विचारले होते, “सर, बूटपॉलिशवाला राजा आप्पांना का जवळ करतो?” मी ‘माणुसकी’ असे छापील उत्तर देऊन मोकळा झालो. शेक्सपिअरच्या लिअर राजाला निदान कॉर्डेलिया होती. शिरवाडकरांनी १९७० साली ती धाकटी गुणी मुलगी काढून टाकली आणि म्हाताऱ्याजवळ रस्त्यावरचा पोर आणून बसवला, हे मात्र मी कधी वर्गात बोललो नव्हतो. ते मला त्या छपराखाली उभे असताना सुचले.

त्या मुलालाच मी एकदा आडून विचारले. तो म्हणाला, “काका, आजी मला मार्कांचं विचारत नाही.” आईला विचारले, तर म्हणाली, “गुडघा दुखतो म्हटलं की तू डॉक्टरचं नाव सांगतोस. तो म्हणतो, खूप दुखतो का गं?”

यावर मी काय बोलणार? मी डॉक्टरचे नाव सांगतो, पैसे पाठवतो, दर रविवारी फोन करतो. हिशेबात कुठे चूक नाही. हिशेबाची वही मात्र दोघांनाही उघडी दिसत असते. त्या मुलाजवळ वहीच नाही. पण म्हणून मुलगे सगळे निर्दय आणि परके तेवढे देव, असे मी म्हणणार नाही. गुडघ्याचे औषध अजूनही माझ्याच पैशाने येते.

वादळानंतर त्या दोघांनी वाडीत पोफळीची रोपे लावली. सुपारी धरायला सहा-सात वर्षे तरी लागतात. तेव्हा मी आईला हसलो होतो. ती झाडे आता माझ्या डोक्यावर गेली आहेत. मुलगा पनवेलला नोकरीला लागला आहे. दिवाळीला दोन दिवस येणार म्हणून आई अलिबागला यायला तयार नाही. तेव्हा आम्हीच निघालो आहोत. तो चित्रपटही बरोबर नेतो आहे. फोनवर आईला म्हटले, इंग्रजी आहे, मी शेजारी बसून समजावून सांगेन.

“तू कशाला?” आई म्हणाली, “तो सांगेल की. तू मध्ये मध्ये शिकवायला लागतोस.”