आडात नाही, पोहऱ्यात कोठून?

मृगाचा पाऊस तोंडावर आला की पारावर एक प्रश्न हमखास निघतो, ‘आत्मावाले साहेब अजून फिरकले नाहीत का?’ हे साहेब म्हणजे बहुधा पंचविशी-तिशीतला कृषी पदवीधर, आपल्यासारख्याच शेतकऱ्याचा मुलगा किंवा मुलगी. गाव त्याला साहेब म्हणते. कचेरीत मात्र तो अगदी खालच्या पायरीवर उभा असतो.

‘आत्मा’ म्हणजे कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा. १९९८ मध्ये सात राज्यांतील २८ जिल्ह्यांत तिचा प्रयोग सुरू झाला. त्यात महाराष्ट्रही होता. २००५-०६ पासून ती देशभर पसरली. योजना वरून लादली जाऊ नये, शेतकऱ्याची गरज खालून वर जावी, हा तिचा हेतू. जिल्ह्याच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, कारभार प्रकल्प संचालक पाहतात. तालुक्याला तंत्रज्ञान व्यवस्थापक आणि त्यांचे सहायक. ही तालुक्याची मंडळी करारावरची.

अडचण येथेच आहे. बांधावर शब्द द्यायचा सहायकाने आणि तो पाळणे वरच्यांच्या हाती. जिरायती सोयाबीनची पेरणी १५ जुलैच्या आत आटोपावी, हे तो शेतकऱ्याला तळमळीने सांगतो. पण प्रात्यक्षिकाचे बियाणेच मंजुरीत अडकले तर काय करणार? वापसा कागदाची वाट पाहत नाही. शेतकरी घरचे बी पेरून मोकळा होतो आणि बोल लागतो सहायकाला. वरून पुन्हा विचारणा येतेच, ‘प्रात्यक्षिके का झाली नाहीत? फोटो कोठे आहेत?’ इकडे आड, तिकडे विहीर!

शेतीशाळेसाठी बाया-माणसे गोळा करायची, गटांची दप्तरे पाहायची, रात्री घरी बसून माहिती भरायची. त्यातच दुसऱ्या योजनेचे काम अंगावर पडते. पिकावरची कीड ओळखण्यासाठी शिकलेल्या माणसाचा दिवस रकाने भरण्यात जातो. हे दुःख पगाराहून मोठे. मुलगी या कामावर असेल, तर शिवारात स्वच्छतागृहाची सोय नसणे हा रोजचाच जाच.

घरच्यांचाही जीव टांगणीला असतो. कराराची मुदत भरत आली की पुढे काय, ही धास्ती. लग्नाच्या बैठकीत पहिला सवाल येतो, ‘मुलगा कायम झाला का?’ बापाने जमिनीच्या उत्पन्नातून शिकवलेला पोरगा मान खाली घालतो.

मग आपण काय करावे? पहिली गोष्ट, राग योग्य दारी न्यावा. तालुक्याला शेतकरी सल्ला समिती असते. आपल्या गटाची मागणी हंगामापूर्वीच, लेखी स्वरूपात, तिच्यापुढे ठेवावी. बियाणे उशिरा आले तर तारीख घालून तालुका कृषी अधिकारी व प्रकल्प संचालक यांना अर्ज द्यावा. गटाच्या सह्यांचा कागद वर गेला, तर सहायकाच्या तोंडी सांगण्यालाही वजन येते.

दुसरी गोष्ट, न झालेल्या कार्यक्रमाच्या हजेरीवर सही करू नये. कागदावर सारे आलबेल दिसले की वरच्यांना खालची अडचण कळतच नाही.

आणि तिसरी, गावात आलेल्या मुलीला कोणीतरी आपल्या घरी नेऊन हातपाय धुवायला पाणी द्यावे, घरची मोरी-संडास दाखवावा. यास कोणाची मंजुरी लागत नाही.

कामचुकार असेल त्याला जाब विचारायलाच हवा. पण पोहरा रिकामा वर आला म्हणून पोहऱ्यालाच ठोकरू नये. आधी आडात डोकावून पाहावे.